तांब्याच्या हंड्यातला समुद्र

समुद्रातला दगड आणला तर तो एकटा येत नाही. हे मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात प्राणी एकेकटे असतात, पानाच्या मधोमध, बाण काढून अवयवांची नावं दिलेले. दगडात ते भेगांत असतात, बिळांत असतात, एकमेकांच्या पाठीवर असतात, आणि आपण बघायला गेलो की नसतात.

ऐंशी सालाच्या थोडी पुढची गोष्ट. मी बेळगावात एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे मुलांपुढं झुरळ फाडून दाखवायचं, मागाहून ट्रे धुवायचे आणि लेक्चरर मंडळींच्या 'हो' ला 'हो' म्हणायचं. पहिली दोन मला छान जमायची. तिसऱ्याच्या नावानं शंख होता. माझं तोंड फाटकं, असं आई म्हणायची. तिचं काही शिवलेलं होतं असं नाही. घरात आम्ही दोघीच. निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या. वडील मी लहान असतानाच गेले आणि आईनं निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामं करून मला शिकवलं. मला नोकरी लागल्यावर मी तिला बेळगावात आणलं, तेव्हा तिचा खोकलाही सोबत आला. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. आमचं बरं चाललं होतं.

आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, ते बेळगावातल्या जुन्या वकील घराण्यातले. माणूस सरळ, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी निघायची नाही. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात बसलं की विभागात समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिजे. आपली मुलं समुद्रातले प्राणी बघतात ते फॉर्मेलिनच्या बरण्यांत, सगळे पांढरेफटक आणि सुरकुतलेले, त्यांना ते जिवंत दिसले पाहिजेत. म्हणणं बरोबरच होतं. म्हणून कारवारची सहल निघाली तेव्हा येताना आम्ही कॅन भरभरून खारं पाणी आणि ओहोटीला उघडा पडलेला एक कुरूप दगड, ओल्या गोणपाटात गुंडाळून, भाड्याच्या बसमधून आणला. घाट चढून येईपर्यंत त्याला असा काही वास सुटला की मुलींनी नाकाला पदर आणि ओढण्या लावल्या. मुलांनी मागच्या सीटवरून सरांना ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात दगडाची आरती म्हटली.

टाकीत ठेवल्यावर तो पहिल्यांदा नुसताच बसून राहिला. वर थोडं शेवाळ, एका अंगाला चिकटलेली कालवं, बाकी काळाकुट्ट धोंडा. प्राचार्य बघून गेले आणि म्हणाले, "वा, वा." ते काय बघून 'वा' म्हणाले ते त्यांनाच ठाऊक.

मग पाहुणे बाहेर यायला लागले. हे शब्दशः खरं आहे. सकाळी टाकीपुढं गेलं की काल नव्हतं असं काहीतरी दिसायचं. एका खाचेतून उघडझाप करणारं समुद्रफूल आलं, दिसायला फूल आणि वागायला तोंड. दगडाखालून एक केसाळ अळी आली, हातभर लांब असावी असं वाटेपर्यंत येतच राहिली. मी "हात लावू नका" म्हणत असतानाच एकानं बोट लावलं, बोटात केस घुसले, आणि मला चिकटपट्टी लावून ओढून ते काढावे लागले. सापाच्या शेपटीसारखे पाच हात असलेला ब्रिटल स्टार तर कधी आला ते कळलंच नाही. टाकीच्या तळाशी एक खेकडाही निघाला, सुपारीएवढा, पण रुबाब फौजदाराचा.

सरांची शिस्त अशी की नाव कळल्याशिवाय टाकीतून कुणालाही काढायचं नाही. "आधी नाव, मग मत," असं ते म्हणायचे. काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना तास होते. टाकीवर फोटोग्राफरकडचं काळं कापड टाकायचं, आपण त्याच्या आत डोकं घालायचं आणि टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद लावून बघत बसायचं. लाल उजेडाला हे प्राणी बुजत नाहीत. काळ्या कापडात डोकं घातलेली बाई भर दुपारी विभागात उभी असली की येणारे-जाणारे थबकायचे. मला त्याचं काही वाटत नसे. ओळख पटवायला आमच्याकडे पुस्तक एकच, तेही इंग्लंडच्या किनाऱ्याचं. दगड कारवारचा. त्यामुळे जवळपास जाणारं चित्र शोधायचं, पाय मोजायचे, शिंगं आहेत का बघायचं, चालतो की सरपटतो ते बघायचं आणि मग कुळापर्यंत तरी पोचायचं. त्यातली मजा मला इतकी लागली की जेवायचं भान राहायचं नाही.

नावांच्या पाट्यांचं एक वेगळंच प्रकरण झालं. सरांनी आधी इंग्रजी आणि मराठीत पाट्या लावल्या. कुणीतरी विचारलं, कन्नड कुठंय? कन्नड लावली तर दुसऱ्या कुणीतरी विचारलं, ती वर का आणि मराठी खाली का? सर वैतागले. त्यांनी सगळ्या पाट्या काढल्या आणि नुसती लॅटिन नावं लावली. "लॅटिनवरून कुणी मोर्चा काढत नाही," म्हणाले. आणि खरंच नाही काढला.

आई दुपारी डबा घेऊन यायची. शिपाई तिला ओळखायचे, ती थेट आत यायची, खुर्ची ओढायची आणि टाकीपुढं बसायची. तिला लॅटिनशी काही देणंघेणं नव्हतं. ब्रिटल स्टारला ती 'पाच तोंडाची गोम' म्हणायची. तोंड एकच आहे, ते खाली आहे, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. "असंल," म्हणायची आणि पुन्हा पाच तोंडं. समुद्रफुलाला तिनं कोबी ठरवलं होतं. खेकडा मात्र तिच्या ओळखीचा.

"ह्यो आपल्या वढ्यातलाच हाय गं. हितं कशाला आलाय मरायला?"

"आई, हा समुद्रातला आहे."

"तोंडावरनं तर आपल्याच गावचा दिसतोय."

सर मोठ्यानं हसले होते त्या दिवशी. ते आईशी अदबीनं बोलायचे, 'आई' म्हणूनच हाक मारायचे.

मग कालवं मरायला लागली. एक मेलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग दुसरं, मग त्याच्या शेजारचं. शिंपला आ वासलेला आणि आत चाटूनपुसून स्वच्छ. सरांनी एका क्षणात निकाल दिला, खेकडा. माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण मी ते शिंपले हातात घेऊन बघितले होते. खेकडा कालव खातो तेव्हा कडा फोडतो, कपचे उडवतो. ह्या कडांना साधा ओरखडा नव्हता. जे काही खात होतं ते फटीतून आत शिरत होतं, आणि फट तर कागद जाईल एवढीच. म्हणजे खाणारा कागदासारखा असला पाहिजे. चपटे कृमी कालवं खातात, असं त्या इंग्लंडच्या पुस्तकात दीड ओळीत लिहिलेलं होतं. आणि एका दुपारी कापडाखाली मी त्याची कड बघितली. तव्यावर धिरडं पसरताना त्याची कड कशी थरथरते, तशी एक मातकट कड भेगेत सरकत गेली आणि नाहीशी झाली. मी टॉर्च धरून तासभर उभी राहिले. पुन्हा काही आलं नाही.

"सर, चपटा कृमी आहे. मी बघितलाय."

"दाखवा."

"आत गेला."

"बाई, खेकड्याला नांग्या आहेत. तुमच्या कृमीला दात तरी आहेत का?"

"दात लागत नाहीत सर, तो—"

"दिसला की दाखवा," म्हणाले आणि वर्गावर गेले.

आता हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी चार दिवस चरफडून गप्प बसले असते. पण त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ आमच्याकडे व्याख्यानाला येणार होते, आणि त्यांना केंद्रात एक माणूस हवा होता. पदवीपेक्षा डोळा असलेला, जिवंत प्राणी ओळखता येणारा. सरांनी मला बोलावून सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं नाव मी सुचवतो. पण ते विचारणार, काय ओळखलंत? समुद्रफूल कुणीही ओळखतं. तुमचा तो कृमी खरा असेल तर तो दाखवा त्यांना. ते बघतील, ठरवतील." म्हणजे माझी किनाऱ्यावरची जागा त्या धिरड्याच्या कडेवर अडकली होती. मला ती जागा किती हवी होती ते सांगून कळणार नाही. जन्मभर झुरळं फाडायची नव्हती मला. घरी आईला सांगितलं तर तिचाच जीव माझ्याहून टांगणीला. रोज दार उघडल्या उघडल्या विचारायची, "गावलं का गं त्ये?"

शनिवारी गावलं. दुपारची कॉलेज सुटायची वेळ, मी कापडाखाली, आणि तो भेगेतून सगळाच्या सगळा बाहेर आला. माझ्या अर्ध्या तळव्याएवढा, कडा झुलत होत्या, पुढच्या बाजूला बारीक ठिपके. सरपटत एका सुट्या दगडावर गेला. हा दगड मुठीएवढा, मोठ्यापासून निखळलेला, त्याच्यावर दोन कालवं शिल्लक होती. त्यातल्या एकाच्या फटीत तो पिठाच्या घडीसारखा शिरला. मी दोन्ही हातांनी तो दगड अलगद उचलला आणि बादलीत ठेवला. विभागात कुणी नव्हतं. सर लग्नाला सांगलीला गेलेले, पाहुण्यांबरोबर मंगळवारी सकाळीच येणार. मी एकटीच त्या बादलीपुढं उभी राहून हसत होते.

तेवढ्यात शिपाई सांगत आला की सोमवारी बेळगाव बंद आहे, सगळ्या खोल्यांना आत्ताच कुलपं पडणार. कशावरून बंद होता ते आता आठवत नाही. आमच्याकडे त्याला फार शोधावं लागत नसे. टाकीत परत टाकला तर हा पुन्हा भेगेत जाणार आणि मंगळवारी मी कोणाला काय दाखवणार? मी बादली उचलली आणि घरी घेऊन आले. बादली म्हणजे प्रयोगशाळेची फरशी पुसायची, लाल प्लास्टिकची, कड तुटलेली. तीच हाताशी होती.

आईनं वाकून बघितलं. मी टॉर्चनं दाखवलं तेव्हा तो नेमका कालवातून बाहेर येत होता.

"आगं बया, धिरडंच की!" म्हणाली. माझं नशीब ठरणार आहे ह्या धिरड्यावर, मी म्हटलं. ती बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली. रविवार त्या बादलीची राखण करण्यात गेला.

सोमवारी सकाळी पाण्याला वास यायला लागला. खारं पाणी बदलायला हवं होतं आणि पाण्याचे कॅन विभागात, कुलपाच्या आत. मी चालत कॉलेजला गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कोपऱ्यावर पोलीस. फाटकावर राखणदार. "बंद ऐती, नाळे बर्री," म्हणाला, बंद आहे, उद्या या. मी त्याला मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये सांगितलं, मग दोन्हींत मिळून भांडले. समुद्राचं पाणी पाहिजे म्हटल्यावर त्याला वाटलं मी थट्टा करतेय. शेवटी किल्ली कुणाकडे, तो कुठं राहतो, त्याच्या घरी जा, तो जेवतोय, थांबा, असं करत मी एक कॅन घेऊन घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती.

पडवीत लाल बादली उपडी घालून वाळत ठेवलेली होती.

आत खोलीच्या मधोमध आईचा तांब्याचा हंडा. ह्या हंड्याबद्दल सांगायला पाहिजे. वखारीतल्या कमाईतून आईनं स्वतःसाठी घेतलेली वस्तू म्हणजे हा एकच. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पोहरा लावायची मुभा नव्हती. मडकं घेऊन कडेला उभं राहायचं आणि कुणीतरी येऊन वरून ओतेल त्याची वाट बघायची. ओतणाराही असा ओतायचा की धार लागावी, भांड्याला भांडं लागू नये. निपाणीला नळाचं पाणी मिळायला लागलं तेव्हा आईनं हा हंडा घेतला. धर्म बदलल्यावर आमच्या घरातून देव गेले, पण हा हंडा कोपऱ्यातल्या पाटावर असायचा, चिंच-मीठ लावून घासलेला, आणि त्यातलं पाणी घरी येईल त्याला ती आग्रहानं द्यायची. त्याच्यात कधी हात बुडवलेला तिला खपत नसे.

त्या हंड्यात तिनं माझा दगड ठेवला होता. बादलीतलं पाणी फडक्यातून गाळून घेतलेलं. हंडा सकाळीच घासलेला असणार, आतून असा लखलखत होता की पाण्याला तांबूस झाक आली होती.

"बग कसं ठिवलंय," आई म्हणाली. "फरशी पुसायच्या बादलीत घालत्यात व्हय समुद्राच्या जितराबाला? उद्या मोठी मानसं बगनार. म्हटलं, घरात बरं भांडं काय एकच हाय."

मी वाकून बघितलं. दोन्ही कालवं उघडी पडली होती. कृमी नव्हता. दगडाच्या खाली तळाला शेंबडासारखा एक मातकट लगदा होता, मी चमच्यानं उचलायला गेले तर तो सुटून पाण्यात विरला. चपटा कृमी मेला की असाच विरघळतो, बरणीत घालायलासुद्धा उरत नाही. आणि तांबं हे अशा प्राण्यांना विष. घासून उघडं पडलेलं तर दुप्पट. हे मला माहीत होतं, आईला सांगायला हवं होतं हे मात्र मला सुचलंही नव्हतं, कारण पिण्याच्या हंड्यात कुणी दगड ठेवेल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

"मेलं का गं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"कशानं?"

मी खरं ते सांगितलं. खोटं काय सांगायचं होतं? "तांब्यानं, आई. तांबं सोसत न्हाय त्यांना. भांड्यानं मेली."

मी रागावलेही नव्हते, रडायला मात्र आलं, जागा गेली म्हणून रडत बसले. आईनं हंडा उचलला, पडवीच्या बाहेर नेऊन ओतला, धुतला, आणि पोत्यात गुंडाळून खाटेखाली सारला. मला वाटलं, आता घासायचा कंटाळा आला असेल. नंतर मी पाणी मागितलं. तिनं माठातून तांब्या भरला, माझ्यापुढं पेला ठेवला, आणि वरून धार धरली. भांड्याला भांडं लागू दिलं नाही.

"आई, हे काय?"

"काय न्हाय. पी."

मी पेला बाजूला ठेवला आणि तिच्यापुढं बसून सगळं रसायनशास्त्र सांगितलं. तांबं कुणाच्याही घरचं असलं तरी तेच होणार. सरांच्या घरचं असलं तरी, देवळातलं असलं तरी. ती मान हलवत राहिली. "तू म्हनतीस तर खरंच," म्हणाली. पण ती विहिरीच्या कडेला जाऊन उभी राहिली होती आणि माझ्या शब्दांनी तिथून हलत नव्हती. मला तिचा राग आला, गावाचा आला, त्या कृमीचासुद्धा आला.

मंगळवारी पाहुणे आले. व्याख्यान झालं, मग सर त्यांना टाकी दाखवायला घेऊन आले. मध्यम वयाचा, उन्हानं रापलेला माणूस, समुद्राकडच्या हेलानं मराठी बोलणारा. त्यांनी मला विचारलं, मी शिंपल्यांच्या न फुटलेल्या कडा दाखवल्या आणि झालं ते सांगितलं. सरांचा चेहरा पडला. पाहुणे म्हणाले, "तर्क चांगला आहे. पण बघितलाय फक्त तुम्ही. आणखी कुणी बघितला का?"

"माझ्या आईनं."

आई तेव्हाच डबा घेऊन आली होती, पण आत न येता दारातच डबा ठेवून वळत होती. सरांनी हाक मारली, "आई, आत या ना." ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

पाहुण्यांनी विचारलं, "मावशी, तो प्राणी तुम्ही बघितला का?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "न्हाय सायेब," म्हणाली. "मी कशाला हात लावू त्या पान्याला? मी काय बगितलं न्हाय, काय केलं न्हाय."

ती मला वाचवायला बघत होती. तिचा हात लागला हे ह्या मोठ्या लोकांना कळलं तर लेकीचं सगळंच बिघडेल, असं तिच्या मनात होतं. आणि त्या एका 'न्हाय'नं मी सरळ खोटी ठरले होते. जागा दारातून बाहेर चालली होती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला जागेचं काही वाटलं नाही. माझी आई उंबऱ्याबाहेर हात मागं घेऊन उभी होती, ते मला बघवेना.

"तिनं हात लावलाय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "सर, आमच्या घरात जे सगळ्यात चांगलं भांडं आहे त्यात तिनं तो ठेवला. तांब्याच्या हंड्यात. पाणी गाळून ठेवला. तुम्ही असता तर तुम्हीसुद्धा तेच केलं असतं. आई, सांग ह्यांना. आत ये आणि सांग."

ती आत आली नाही. उंबऱ्यावर मात्र बसली, पदर सावरला.

"हातावर घेतला मी," म्हणाली. "दगडावरनं सुटून बादलीला चिकटला हुता. बोटानं उचलाय गेलं तर उचलंना, मग तळवा लावला तर आपनच आला वर."

पाहुणे तिच्यापुढं खाली बसले. "कसा लागला हाताला?"

"गार. वजन न्हाय काय. केळीच्या सोपटावानी पातळ, हाताच्या रेघा दिसत हुत्या त्यातनं."

"शिंगं होती? पाठीवर तुरा वगैरे?"

"न्हाय, तुरा न्हाय, शिंगं न्हाय. सपाट. म्होरं बारीक ठिपकं हुतं, मोहरीपरीस बारीक. आनि चालला न्हाय त्यो, कडाच हलत हुत्या, लाट यावी तश्या." तिनं मग तळहात उघडून त्यांच्यापुढं धरला. "माज्या हाताला काय झालं न्हाय बगा. त्येलाच झालं."

पाहुणे तिच्या हाताकडे बघत राहिले. मग सरांना म्हणाले, "चपटा कृमीच. शंका नाही. तुमच्या खेकड्याला सोडून द्या." आणि आईला म्हणाले, "मावशी, आमच्या केंद्रात शिकलेल्या लोकांनी टाकीला तांब्याचा नळ बसवला होता. सगळं गेलं एका आठवड्यात. तांब्याचा दोष तो."

"ऐकलंस?" मी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली आणि हात जोडले. सर आपणहून पुढं आले, उंबऱ्यावरचा डबा उचलून टेबलावर ठेवला आणि दुसरीकडे बघत चष्मा पुसत राहिले.

मला ती जागा मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं. त्या दिवशी मी पोत्यातून हंडा काढला, भरला, दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या देखत त्यातलं पाणी घटाघटा प्याले आणि पेला तिच्यापुढं आपटला. "बग. जिवंत हाय का मी?"

ती हसली. माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"तू पी की. तू माजीच हाईस. ती समुद्राची हुती."

किनाऱ्याकडं जायला सामान बांधलं तेव्हा मी भांडी मोजली नाहीत, तिनंच सगळी पोत्यांत भरली होती. टेम्पो निघायच्या वेळी माझ्या लक्षात आलं.

"आई, हंडा कुठंय?"

"दिला शेजारनीला."

"आगं, का? वेडी हाईस काय तू?"

ती टेम्पोत चढून बसली, मांडीवर स्टोव्ह घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तितं समुद्र हाय न्हवं. उगं कशाला."